इंग्लिश मफिनच्या रिंगा: कोणता धातू, किती जाड, आणि सांधा कसा?

वाईची लेक | 12 ऑक्टोबर

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमध्ये रीडिंगला राहते. गेली सहा वर्षं दर रविवारी सकाळी घरी मफिन करते. अमेरिकेत ज्यांना इंग्लिश मफिन म्हणतात ते, कपकेकसारखे गोड नव्हेत. यीस्टच्या पिठाचे, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजलेले चपटे गोल पाव. सुरीने न कापता काट्याने टोचत टोचत उघडले की आत खडबडीत भोकं दिसतात आणि त्यांत लोणी मुरतं. माझ्या मुलाला ते पोळीइतकेच घरचे वाटतात.

प्रश्न रिंगांचा आहे. शेजारच्या आजींनी त्यांच्या आईच्या सहा रिंगा मला दिल्या होत्या. पातळ टिनच्या पत्र्याच्या, 9 सेंमी व्यास, 2.5 सेंमी उंची. त्यांच्या घरात त्या पन्नासेक वर्षं नांदल्या. माझ्याकडे चार वर्षांत सहापैकी चार गेल्या. चूक माझीच. डिशवॉशरमध्ये लावायचे आणि रात्रभर तिथेच ओल्या राहायच्या. गंज प्रत्येक वेळी एकाच जागी सुरू झाला: पत्र्याचं एक टोक दुसऱ्यावर चढवून जिथे डाग देऊन (सोल्डरने) जोडलंय, त्या फटीत. तिथून तो पसरला आणि पत्र्याला भोक पडलं. उरलेल्या दोन मी कापडात गुंडाळून ठेवल्यात. वापरायची हिंमत होत नाही आणि आजींना सांगायचीही.

मध्यंतरी दुकानातून नॉनस्टिक थराच्या, दांडीवाल्या रिंगा आणल्या. वर्षभरात आतला थर पापुद्र्यासारखा सुटायला लागला आणि दोन दांड्या निखळल्या. त्या टाकून दिल्या.

माझं पीठ असं: 400 ग्रॅम पावाचं पीठ (इथलं स्ट्राँग फ्लोअर), 320 मिली दूध-पाणी, 25 ग्रॅम लोणी, 8 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम यीस्ट. 80–85 ग्रॅमचे 9 गोळे होतात. पीठ चांगलंच सैल असतं, रिंगेशिवाय तव्यावर पसरतं.

इथे स्टेनलेसच्या शेफ रिंगा मिळतात, पण बहुतेक 4.5 किंवा 6 सेंमी उंच. त्यांत उलथणं नीट शिरत नाही, वाफ कोंडते आणि वरची बाजू चिकट राहते. डिसेंबरमध्ये तीन आठवडे पुण्याला येतेय. तिथे बनवून घ्याव्यात असं मनात आहे. तांबट आळीत तांब्याच्या करून मिळतील का? की पितळ बरं? की स्टीलच? मला एकदाच करून घ्यायच्यात आणि त्या मुलाच्या हातात जाईपर्यंत टिकायला हव्यात.

एडिसनकर | 12 ऑक्टोबर

तुमच्या चार रिंगांचं वाचून वाईट वाटलं. वस्तू कुणीतरी विश्वासाने दिलेली असली की जास्तच लागतं.

मी न्यू जर्सीत. इथे हे पाव इंग्लंडमधल्या प्लिमथहून आलेल्या सॅम्युअल बाथ थॉमस यांनी रुळवले. ते 1874 मध्ये न्यूयॉर्कला आले आणि 1880 मध्ये स्वतःची बेकरी काढली. आता इथल्या कुठल्याही दुकानात मिळतात, पण घरच्यांची सर त्यांना नाही.

माझा अनुभव सांगतो. सुरुवातीला सगळे सांगतात तसं ट्यूना माशाचे डबे दोन्हीकडून कापून वापरले. आता ते जमत नाही. हल्लीचे बरेचसे डबे एकाच पत्र्यातून ओढून काढलेले असतात, तळाचा काठ गोलसर असतो आणि त्याला डबा उघडायचं यंत्र लागत नाही. शिवाय आतून लाखेसारखा थर असतो. तो डबाबंद अन्नासाठी आहे, तापत्या तव्यासाठी नाही. कृपया त्या वाटेला जाऊ नका.

मग ॲल्युमिनियमच्या घेतल्या. तापतात झटकन, कड छान रंगते, पण धातू मऊ. खणात वर लाटणं पडलं आणि दोन रिंगा लंबगोल झाल्या. डिशवॉशरमध्ये काळ्या पडल्या त्या वेगळ्याच.

नऊ वर्षांपूर्वी हॉटेलांना सामान विकणाऱ्या दुकानातून स्टेनलेसच्या 8 घेतल्या, इंचभर उंचीच्या, दांडी नसलेल्या. अजून तशाच आहेत. माझं मत सरळ आहे: स्टील, दांडी नको, थर नको.

ओव्हनभर | 13 ऑक्टोबर

रिंगा हव्यातच का, हे आधी ठरवा. पाणी पिठाच्या वजनाच्या 65 टक्क्यांवर आणलं तर पीठ लाटून वाटीने गोल कापता येतं, रव्यावर फुगू द्यायचं आणि थेट तव्यावर टाकायचं. मी पुण्यात असेच करते. क्रंपेटची गोष्ट वेगळी. त्याचं पीठ ओतायचंच असतं, तिथे रिंग हवीच.

वाईची लेक | 13 ऑक्टोबर

ओव्हनभर, तसे करून पाहिलेत. चव चांगली येते, पण आत भोकं बारीक पडतात, साध्या पावासारखी. सैल पिठातली मोठी भोकंच मला आवडतात. म्हणून रिंगांचा आग्रह.

एडिसनकर, आभार. दांडीचं पटलं.

पत्रेकाम | 15 ऑक्टोबर

ताई, मी भोसरी एमआयडीसीत 31 वर्षं पत्र्याचं काम केलं, त्यातली शेवटची 18 डेअरी आणि मिठाईवाल्यांच्या स्टीलच्या टाक्या आणि ट्रे बनवण्यात गेली. मफिन मी खाल्लेला नाही. पण कडं कसं टिकतं आणि कसं जातं ते सांगू शकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या जुन्या रिंगा. टिनचा पत्रा म्हणजे पोलादावर कथलाचा पातळ थर. वाईच्या घरात तुम्ही कल्हई पाहिली असेल. नवसागर टाकून तापल्या भांड्यात कथील फिरवतात, तेच कथील हे. ते 232 अंशांना वितळतं. कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवू नये असं घरोघरी सांगायचे ते याचसाठी. तुमचा बिडाचा तवा रिकामा तापत राहिला आणि रिंगा त्याच्यावर असल्या, तर थर तिथेच पातळ होतो. वरून उलथण्याचे ओरखडे. एकदा खालचं पोलाद उघडं पडलं की पाणी आपलं काम करतं. आणि चढता सांधा ही तर पाण्याची हक्काची जागा. बाहेरून पुसलं तरी फटीत ओल राहते. त्या आजींच्या रिंगा पन्नास वर्षं टिकल्या त्या पत्र्यामुळे नव्हे. बहुतेक त्या भाजून झाल्यावर पुसून गरम चुलीवरच ठेवत असणार. विचारून बघा.

आता तांबं-पितळ. तांबट आळीतले कारागीर कडं सुरेख करून देतील, त्यात शंका नाही. पण उघड्या तांब्याला दूध-लोण्याचं आंबवलेलं पीठ लावायचं नाही, म्हणजे आतून कल्हई आली. कल्हई आली म्हणजे पुन्हा तेच 232 अंश, आणि रीडिंगला कल्हईवाला कुठून आणणार? पितळेचंही तेच. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, ज्याला जीआय म्हणतात, तो कुणी स्वस्तात देऊ केला तरी हात लावू नका. तो छपराचा आणि बादलीचा माल आहे, तापवून अन्न शिजवायचा नव्हे.

म्हणजे स्टील. पण स्टील म्हणजे नेमकं कोणतं, इथे लोक फसतात. तुम्हाला 304 हवं. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, म्हणूनच भांड्यांवर 18/8 लिहितात. बाजारात त्याच्यासारखंच चकचकीत 202 मिळतं. त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, स्वस्त पडतं आणि ओलीत लवकर डागाळतं. लोहचुंबक लावून पाहा असं जो तो सांगतो. त्याने अर्धंच काम होतं. चुंबक घट्ट चिकटला तर माल 304 नाही हे कळतं. पण 202 लाही चुंबक चिकटत नाही, तेव्हा न चिकटणं हा पुरावा नव्हे. भंगारवाल्यांकडे तपासायचं द्रावण आणि 9 व्होल्टची बॅटरी असते, थेंब टाकून रंगावरून ते सांगतात. नाहीतर पत्रा घेताना बिलावर 304 लिहून घ्या.

जाडी 20 गेज, म्हणजे 0.9 मिमीच्या आसपास. 24 गेज घेतलंत तर हाताने दाबलं जाईल. 16 गेज घेतलंत तर जड होईल आणि तापायला वेळ घेईल. स्टीलमधून उष्णता हळू जाते, ॲल्युमिनियमच्या मानाने फारच हळू. एडिसनकरांची कड झटकन रंगायची त्याचं कारण हेच. तव्यावर ठेवलेल्या कड्याला उष्णता खालूनच मिळते, म्हणून जाडीचा सोस नको.

पट्टी किती लांब कापायची हे कारागिराला सांगा, नाहीतर 90 ला 3.14 ने गुणून मोकळा होईल. आतला व्यास 90 हवा असेल तर पत्र्याच्या जाडीच्या मध्यातून मोजायचं. 90 अधिक 0.9 म्हणजे 90.9, गुणिले 3.1416, म्हणजे 285.6 मिमी. पट्टी 25 मिमी रुंद. एका कड्याचं वजन 51 ग्रॅमच्या आसपास भरेल. बारा केलीत तरी सामानात पाऊण किलोच्या आत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सांधा. चढवायचा नाही. दोन्ही टोकं समोरासमोर आणून आर्गॉन वेल्डिंग, एवढ्या पातळ पत्र्याला सांध्यात भरायच्या सळईचीही गरज पडत नाही, घेतलीच तर 308 जातीच्या स्टीलची. स्पॉट (ठिपक्याठिपक्यांचं वेल्डिंग) नको, रिव्हेट नको, डाग तर मुळीच नको. वेल्डिंगनंतर आजूबाजूला निळा-पिवळसर पट्टा येतो. तो शोभेचा प्रश्न नाही. तिथलं क्रोमियमचं कवच बिघडलेलं असतं आणि गंज तिथूनच धरतो. तो पट्टा ॲसिड पेस्टने किंवा बफिंगने (चाकावर घासून) पूर्ण काढून घ्या. आतला वेल्डचा उंचवटा पत्र्याच्या पातळीत यायला हवा, बोट फिरवलं तर कळू नये, नाहीतर पीठ तिथेच धरून बसेल.

आणखी एक, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगायचो: ज्या ग्राइंडिंग व्हीलने आणि तारेच्या ब्रशने लोखंड घासलंय, ते स्टीलला लावायचं नाही. लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि आठवड्यात तांबडे ठिपके येतात. मग लोक म्हणतात स्टील खोटं होतं. स्टील खरं असतं, चाक खोटं असतं. समोर उभं राहून नवीन चाक लावायला सांगा. कारागीर रागावला तरी चालेल.

वाईची लेक | 15 ऑक्टोबर

काका, इतकं कुणी सांगितलं नव्हतं. तुमचा निरोप छापून ठेवला. आज संध्याकाळी आजींकडे गेले आणि सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, त्यांची आई रिंगा धुवायचीच नाही. गरम असतानाच कोरड्या फडक्याने पुसायची आणि चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायची. तुम्ही म्हणालात तसंच.

एक विचारते. भावाच्या बिल्डिंगमध्ये जिन्याचं रेलिंग लावायचं काम चालू आहे, तिथे स्टीलच्या पाइपांचे तुकडे पडलेत म्हणे. त्यांतून इंच-इंच कापून घेतलं तर सांधाच नको, नाही का?

पत्रेकाम | 16 ऑक्टोबर

विचार चांगला आहे, पण रेलिंगचा पाइपसुद्धा पट्टी वळवून लांबीत वेल्ड केलेलाच असतो. सांधा कारखान्यात झालेला, एवढाच फरक. शिवाय रेलिंगला 202 सर्रास वापरतात. मापही बघा: मोठ्यात मोठा सहसा 3 इंचीच मिळतो, म्हणजे बाहेरून 76.2 मिमी. भिंत 1.5 धरली तर आत 73. तुमच्या 80 ग्रॅमच्या गोळ्याला लहान पडेल.

कारखान्यातला 3 इंची पाइप वेगळा, त्याचा बाहेरचा व्यास 88.9 मिमी असतो. पण त्याची भिंत निदान 2.1 मिमी. इंचभराचं कडं 114 ग्रॅमच्या घरात जाईल. कायम टिकेल, पण तापवायला वेळ लागेल आणि गरम असताना चिमट्यात धरायला जड. मी पट्टीच घेईन.

हातात आल्यावर दोन परीक्षा करा. कडं ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवा, दोन्ही बाजूंनी. डुगडुगलं तर कड सरळ करून मागा, नाहीतर सैल पीठ खालून वाहील. मग मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस सांध्यावर ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी तांबूस ठिपका दिसला तर परत बफिंगला.

वाईची लेक | 9 जानेवारी

मंडळी, रिंगा झाल्या. उशिरा लिहितेय कारण आधी दोन रविवार वापरून बघायच्या होत्या.

बोहरी आळीत तयार रिंगा पाहिल्या. बऱ्याच केकसाठीच्या, उंच, आणि सांधा स्पॉटचा. दुकानदाराला 304 का विचारल्यावर त्याने चुंबक काढला. काकांचं वाक्य आठवलं आणि मी नको म्हटलं.

मग भावाच्या ओळखीने एका वर्कशॉपमध्ये गेले. पत्रा बिलावर 304 लिहून घेतला, 20 गेज. पट्टी 285.6 म्हटल्यावर तिथल्या मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) काढला आणि 285.5 ला खूण केली. बारा पट्ट्या कापल्या, रोलमधून वळवल्या, आर्गॉनने जोडल्या, मग पाइपवर चढवून लाकडी हातोडीने गोलाई दिली. हे सगळं मी शेजारी उभं राहून पाहिलं. फक्त बफिंग दुसऱ्या दिवशी माझ्या माघारी झालं. एका रिंगेला सगळं धरून 140 रुपये पडले.

घरी आणून आईच्या ओट्यावर ठेवल्या. एक डुगडुगत होती, तिथेच कळलं. रात्री बाराही रिंगांना मिठाच्या पाण्याचा कापूस लावला. आई म्हणाली, सुनेला हळद लावतात तशी लावतेयस. सकाळी तीन रिंगांवर सांध्याशेजारी तांबडे ठिपके. घेऊन परत गेले. मिस्त्रींना कारण विचारलं तर त्यांनीच मुलाला बोलावून चाक कोणतं होतं ते विचारलं. त्याच चाकाने आदल्या दिवशी लोखंडी गेट घासलं होतं. त्यांनी नवीन चाक लावून त्या तीन आणि डुगडुगणारी एक समोर करून दिली, पैसे घेतले नाहीत. पुन्हा कापूस लावला, काही आलं नाही.

वजन केलं: 50 ते 52 ग्रॅम. काका, तुमचा हिशेब बरोबर.

आता भाजण्याबद्दल. पहिल्या रविवारी कडा फिक्या राहिल्या. टिनच्या रिंगा पातळ होत्या, लगेच तापायच्या. या वेळ घेतात. दुसऱ्या रविवारी तवा मंद आचेवर ठेवला, रिंगा तेलाचं बोट फिरवून, आत रवा भुरभुरून, पीठ घालायच्या आधी 3 मिनिटं तव्यावर राहू दिल्या. मग पीठ, 8 मिनिटं एका बाजूने, रिंगेसकट उलटवून 7 मिनिटं दुसऱ्या बाजूने. उलटवल्यावर चौथ्या मिनिटाला रिंग चिमट्याने वर ओढली, अलगद सुटली. आतला सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही, म्हणून मिस्त्रींनी बाहेरून एक बारीक खूण केलीय. काट्याने उघडले, भोकं हवी तशी.

बारापैकी सहा मी ठेवल्या, सहा आजींना दिल्या. त्यांच्या आईच्या दोन जुन्या रिंगा मी परत देऊ केल्या होत्या. त्या म्हणाल्या, तुझ्याकडेच राहू देत, वाळलेल्या ठेव.

एडिसनकर | 10 जानेवारी

वाचून फार बरं वाटलं. या उन्हाळ्यात मीही पुण्यात आहे. त्या मिस्त्रींना अशा आणखी आठ करता येतील का? माझ्या मुलीला हव्यात. माझ्याच मापाच्या, म्हणजे आतला व्यास 95 चालेल, कारण माझं पीठ 90 ग्रॅमचं असतं.

पत्रेकाम | 10 जानेवारी

एडिसनकर, 95 साठी पट्टी 301.3 मिमी.

ताई, स्टील आहे म्हणून निर्धास्त होऊन डिशवॉशरमध्ये रात्रभर ठेवू नका. तुमच्याकडचं पाणी जड, मीठही डिशवॉशरमध्ये असतंच. धुतल्यावर विझवलेल्या गरम तव्यावर पाच मिनिटं ठेवा आणि मग खणात. आणि पुढच्या खेपेला एक मफिन माझ्यासाठी आणा, बघतो कसा लागतो.